हिरव्याचा खुलासा

४ फेब्रुवारी

ऑफिसच्या नोंदवहीत मत लिहायचं नसतं, नोंद लिहायची असते. सव्वीस वर्षं नोंदी लिहिल्या. आता थोडी मतंही लिहीन म्हणते, म्हणून ही वेगळी वही. चहाचा एक कप संपेपर्यंत लिहायचं. कप संपला की वही बंद.

काल मोठ्या साहेबांनी बोलावलं. पठाराचा अहवाल पुन्हा करायचा आहे. अकरा वर्षांपूर्वी तो मीच केला होता. उपग्रहाची चित्रं घ्यायची, जमीन किती हिरवी, किती ओली, किती तापलेली आणि किती उघडी पडलेली ते मोजायचं, आणि चारही मिळून शून्य ते एकच्या मधला एक आकडा काढायचा. आकडा जितका मोठा तितका प्रदेश निरोगी. माणसांनी तिथे जे काही चालवलंय त्याचं हे प्रगतिपुस्तक म्हणायचं. तेव्हा पठाराचा आकडा ०.५१ वरून ०.५८ वर गेला होता, कारण कागद कारखान्याने गवताळ उतारांवर झाडं लावली होती. त्या अहवालाच्या जोरावर कारखान्याला लागवडीचा दुसरा टप्पा मिळाला. आता तिसरा हवाय. तिसरा म्हणजे उरलंसुरलं सगळं गवत.

"साचा तयारच आहे तुमचा," साहेब म्हणाले. "नवे आकडे ओता आणि मोकळ्या व्हा. एकवीस मार्चला जाहीर सुनावणी आहे."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो त्याच कारखान्यात बॉयलरवर पाळीप्रमुख आहे, बावीस वर्षं झाली. म्हणाला, "म्हणजे आता तू माझं प्रगतिपुस्तक लिहिणार."

"तुझं नाही, तुझ्या मालकाचं."

"मग कडक मास्तरीण हो," म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

७ फेब्रुवारी

आकडा आला. ०.६१. म्हणजे अजून सुधारणा. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगली. तो जुना अहवाल माझा लाडका. बढती त्याच्यावरच मिळाली. अजून नवीन मुलांना शिकवायला तो वापरतात.

शेजारच्या टेबलावरच्या चष्म्याला आकडा दाखवला. (जाड भिंगांमुळे सगळं ऑफिस त्याला चष्मा म्हणतं, तोही फोनवर "चष्मा बोलतोय" म्हणतो.) तो म्हणाला, "ताई, छान आहे. पण घरात एकजण दुप्पट जेवला आणि दुसरा उपाशी राहिला, तर सरासरीने दोघंही पोटभर जेवले. उपाशी असलेल्याला जाऊन सांगा हे."

मी म्हटलं, तुला नाश्ता मिळाला नाही वाटतं.

११ फेब्रुवारी

चष्म्याचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून पठाराचे तुकडे करून बघितले. लागवड वेगळी, उरलेलं गवत वेगळं, आणि लागवडीच्या खालचे उतार वेगळे. त्या खालच्या उतारांवर पाणथळ जागा आहेत, अंगणाएवढ्या, काही मैदानाएवढ्या. उन्हाळ्याच्या शेवटी, सगळं करपलेलं असताना त्या ओल धरून राहतात. चित्रात गडद ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या मोजल्या.

वीस वर्षांपूर्वीच्या चित्रात एकेचाळीस. मागच्या उन्हाळ्याच्या चित्रात नऊ.

ढगाची सावली असणार. किंवा माझे डोळे.

१२ फेब्रुवारी

पुन्हा मोजलं. नऊ.

१४ फेब्रुवारी

मधल्या वर्षांची चित्रं काढली, सगळी उन्हाळ्याच्या शेवटची. ४१, ३३, २२, ९. ढग काय दरवर्षी येऊन बरोबर तेवढ्याच जागांवर बसतात की काय!

साहेबांकडे जाऊन प्रत्यक्ष पाहणीसाठी गाडी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, उपग्रह कशाला सोडलाय मग? तिथे जावं लागू नये म्हणूनच ना?" गाडी मिळाली नाही. एक दिवसाची रजा मिळाली.

१८ फेब्रुवारी

काल पठारावर गेले. बसने दोन तास, पुढे पायी. सव्वीस वर्षं हा प्रदेश मी रोज बघते. त्याची एकेक घडी पाठ आहे. पण माझे बूट चुकीचे आहेत, हे काल कळलं.

लागवडीत शिरले. झाडं ओळीत, सरळसोट, एकाच उंचीची, शाळेच्या कवायतीसारखी. वर भरगच्च हिरवं. खाली काही नाही. कोरडा पाचोळा, त्यावर पाय ठेवला की कुरकुर वाजतो. अर्धा तास चालले, एक पक्षी ऐकला. तोही कुठूनतरी चुकून आलेला असावा, लगेच गेला.

खाली उतरून पहिल्या पाणथळीच्या जागी पोचले. जागा दाखवणारं हातातलं यंत्र म्हणत होतं, इथेच. समोर भेगाळलेली माती. जमिनीत दांडा घालून नमुना काढायची सळई नेली होती. हातभर खाली गेली तरी माती सुकी.

तिथे एक म्हातारी मेंढ्या घेऊन बसली होती. माझी सगळी खटपट शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, "काय हरवलं गं बाई?"

"पाणी," मी म्हटलं.

"मग तुला उशीर झाला. ते गेलं त्याला सात वर्षं झाली."

तिच्याजवळ बसले. मावशी, ही झाडं आल्यापासून इथलं बरं झालं का, असं विचारलं. कागदावर आम्ही विचारतो तसंच, वाक्याच्या आतच उत्तर घालून.

ती हसली. "हिरवं आहे की. पण माझी मेंढी काही वर मान करून खात नाही."

मग म्हणाली, "तुमच्यातली कुणीतरी बाई होती म्हणे, कधीतरी कागदावर लिहून गेली की इथलं सगळं सुधारलं. कधी आलीच नाही ती. आली असती तर मी दाखवलं असतं. तेव्हा हे पाणी नुकतं कमी व्हायला लागलं होतं."

ती बाई मीच, हे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने मला पाणी दिलं. ते ती तीन मैलांवरून डोक्यावर आणते.

१९ फेब्रुवारी

जुना अहवाल काढून वाचला. चूक शोधायला वीस मिनिटं लागली. अकरा वर्षं कुणालाच सापडली नाही, कारण कुणी शोधलीच नाही. मीही नाही.

सगळी चित्रं पाऊस संपल्यासंपल्याची आहेत. तेव्हा आकाश स्वच्छ असतं, चित्र देखणं येतं. त्या दिवसांत मेलेली पाणथळही ओलीच दिसते. पठार कसं जगतं ते उन्हाळ्याच्या शेवटी कळतं आणि मी त्याचा फोटो लग्नाच्या दिवशी काढला. वर सरासरी घेतली. झाडांच्या दाट हिरव्याने सुकलेले उतार झाकून टाकले.

कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. कुणाचा दबाव नव्हता. हेच जास्त लागतं.

२४ फेब्रुवारी

साहेबांना सगळं दाखवलं. वरची झाडं उतारात झिरपणारं पाणी आधीच पिऊन टाकतात, हेही सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"तुम्ही म्हणताय ते बरोबर असेल. पण हा अहवाल खोटा ठरवायचा म्हणजे आधी तुम्ही खोट्या ठरता. सही कुणाची आहे त्यावर?"

"माझी."

"मग स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा कशाला? आणि पाऊसही कमी झालाच असेल ना इतक्या वर्षांत. सगळं झाडांवर कसं घालता?"

पावसाचा मुद्दा रास्त होता. तो तपासते म्हणून उठले. दाराशी पोचेपर्यंत त्यांनी फोन उचलला होता.

२७ फेब्रुवारी

नवऱ्याची बॉयलरवरून गेटवर बदली झाली. येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे. बावीस वर्षांच्या पाळीप्रमुखाला! का, विचारलं तर म्हणाला, "फिरवतात गं अधूनमधून. गेटवर हवा मोकळी असते."

पण गप्प गप्प असतो. माझ्या कामावर नाराज असावा. स्वतःच्या कारखान्याविरुद्ध बायको आकडे गोळा करतेय, कुणाला आवडेल? तोंडाने म्हणत नाही एवढंच.

५ मार्च

पावसाचा निकाल लागला.

डोंगराच्या कण्याच्या पलीकडे तसाच उतार आहे, तसंच गवत, तीच माती, पाऊसही तेवढाच. पावसाच्या नोंदी चष्म्याने दोन दिवस बसून मिळवून दिल्या. फरक एकच, पलीकडे लागवड झालेली नाही. पलीकडच्या पाणथळ जागा वीस वर्षांपूर्वी तेहतीस होत्या. मागच्या उन्हाळ्यात तीस.

अलीकडे एकेचाळीसच्या नऊ, पलीकडे तेहतीसच्या तीस. पाऊस काय कणा ओलांडताना पाय पुसून जातो?

चष्म्याने टाळी दिली. मला हसू आलं, मग रडू आलं. मग आम्ही कँटीनमध्ये जाऊन फार वाईट कॉफी प्यायलो.

१० मार्च

अंतिम अहवाल टेबलावर आला. त्यात फक्त सरासरी, ०.६१. पाणथळींचं प्रकरण काढून टाकलेलं, कण्यापलीकडची तुलना काढलेली. खाली माझ्या सहीसाठी टिंब टिंब टिंब.

"मी सही करणार नाही," म्हटलं.

साहेब थकल्यासारखे म्हणाले, "आकडा खोटा आहे का? तुम्हीच काढलाय."

"आकडा खरा आहे. त्याच्यामागे जे लपवलंय तेही खरं आहे. दोन्ही छापा, दोनदा सही करते."

त्यांनी कागद चष्म्याकडे पाठवला. त्याने सही केली.

संध्याकाळी जिन्यात भेटला. खाली बघत म्हणाला, "ताई, मला घर आहे."

"मी काय झाडावर राहते?"

एवढं बोलायला नको होतं. त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि बहीण शिकतेय, मला माहीत आहे. पण बोलले. आणि अजून राग गेलेला नाही.

१२ मार्च

हातात आदेश. एक तारखेपासून अभिलेख विभागात. म्हणजे तळघर. तिथे जुने नकाशे गुंडाळ्या करून ठेवतात आणि आता बहुतेक मलाही ठेवतील.

ऑफिसची चित्रं, फाइली, काहीही बाहेर न्यायचं नाही असं आदेशात मुद्दाम लिहिलंय. नेत नाही. उपग्रहाची चित्रं सगळ्या जगाला फुकट मिळतात. तो आकाशातून जाताना आमच्या साहेबांची परवानगी घेत नाही. लेक वसतिगृहात गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरीच राहिलाय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. हळू चालतो, पंख्यासारखा घरघरतो. पण चालतो.

१६ मार्च

वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली. तिचा नवराही कारखान्यात आहे. म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना उन्हात उभं करतात ना हो आता. इतक्या वर्षांच्या माणसाला! पण मानी आहेत हो तुमचे मिस्टर. दुसरा कुणी असता तर..."

दुसरा कुणी असता तर काय, विचारलं. तिने दूध उतू जाईल म्हणून दार लावून घेतलं.

नवऱ्यासाठी मोठ्या काठाची टोपी आणली. नको म्हणाला, मग घातली.

घरचे आकडे पूर्ण झाले. नऊच. तीसच.

२२ मार्च

काल सुनावणी झाली. आज चहाचे दोन कप घेऊन बसले आहे.

नगरसभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत कारखान्याचे लोक, मग आमचं ऑफिस, मागे कामगार आणि पठारावरची माणसं. सुनावणी अधिकारी बाई होत्या, बारीक आवाजाच्या, पण कुणी मध्ये बोललं की पेन टेबलावर आपटायच्या. कुणीही नागरिक तीन मिनिटं बोलू शकतो असा नियम. आमच्या साहेबांनी ०.६१ वाचला. टाळ्या झाल्या. मी हात वर केला.

"आपण ऑफिसतर्फे?" बाईंनी विचारलं.

"नाही. नागरिक म्हणून. या प्रदेशात राहते, इथलंच पाणी पिते."

आधी पाणथळींबद्दल बोलायचं ठरवून गेले होते. माइकसमोर गेल्यावर वेगळंच निघालं.

"अकरा वर्षांपूर्वीच्या अहवालात लिहिलंय की पठार सुधारलं. तो अहवाल चुकीचा आहे. त्याच्यावर सही माझी आहे. मला कुणी फसवलं नाही. मी देखणी चित्रं निवडली आणि प्रत्यक्ष जाऊन बघितलं नाही. ज्यांचं पाणी गेलं ते माझ्या सहीच्या आधारानं गेलं. म्हणून आज मी आलेय."

मग आकडे सांगितले. अलीकडचे, पलीकडचे. भिंतीवर दोन चित्रं दाखवली. तीन मिनिटांतले सहा सेकंद उरले.

कारखान्याचे व्यवस्थापक उठले. गोड बोलतात. "मॅडमच्या अभ्यासाचा आदर आहे. पण सभागृहाला एक गोष्ट माहीत असावी. त्यांचे पती आमच्याकडे आहेत. शिस्तभंगामुळे त्यांना गेल्या महिन्यात बॉयलरवरून गेटवर हलवावं लागलं. तेव्हा घरात थोडा कडवटपणा असणं साहजिक आहे."

शिस्तभंग? मला काही कळेना.

अधिकारी बाईंनी विचारलं, "कसला शिस्तभंग?"

"वरिष्ठांनी सांगितलेलं काम करायला नकार दिला."

"कुठलं काम?"

व्यवस्थापक कागद चाळायला लागले. मागून कुणीतरी, शेजारणीचा नवरा असावा, ओरडला, "बायकोला गप्प बसवायचं काम!"

असा कल्ला झाला की पेन आपटून आपटून मोडलं. मी मागे बघितलं. नवरा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. टोपी हातात. माझ्याकडे न बघता छताकडे बघत होता, चोरी पकडलेल्या पोरासारखा.

शेवटी मेंढीवाली मावशी बोलली. तिला माइक नको होता. "ही बाई माझ्याकडे आली होती," ती म्हणाली. "तेव्हा सांगितलं नाही तिने, की लिहून गेलेली ती हीच. आज सगळ्यांसमोर सांगितलं. मला तिचा राग आहे. पण ती आज बोलली ते खरं आहे, माझ्या डोक्यावरच्या हंड्याला विचारा."

बाहेर पडताना तिला नमस्कार केला. ती म्हणाली, "नमस्कार राहू दे. उन्हाळ्यात ये मोजायला. चांगले बूट घालून ये."

२३ मार्च

नवऱ्याला विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

तो कांदा चिरत होता. "काय सांगणार? त्यांनी बोलावलं, म्हणाले बायकोला जरा समजाव. मी म्हटलं, ती माझं ऐकत नाही आणि ऐकत असती तरी सांगितलं नसतं."

"पण महिनाभर उन्हात! मी समजत होते की तू माझ्यावर चिडलायस."

"चिडलो होतो. तुझ्यावर नाही." मग सुरी खाली ठेवून म्हणाला, "तू तेव्हा मोजत होतीस. माझी बदली कळली असती तर नऊच्या जागी तुला आठ दिसले असते रागाने. किंवा घाबरून बारा. तुझ्या आकड्यांत माझी भानगड मिसळायला नको होती."

सव्वीस वर्षं उपग्रहावरून जमीन वाचतेय. समोरच्या खुर्चीवरचा माणूस वाचता आला नाही. पण हे वाक्य जरा जास्तच छान झालं, खोडायला हवं. कांदा मी घेतला आणि उरलेला चिरला.

३ एप्रिल

निर्णय आला. तिसऱ्या टप्प्याला दोन वर्षं स्थगिती. दोन्ही उन्हाळ्यांच्या शेवटी पाणथळी मोजायच्या, जमिनीवर जाऊन, पठारावरच्या लोकांना बरोबर घेऊन. आधीच्या लागवडीबद्दल एक अक्षर नाही. गेलेल्या बत्तीस जागांबद्दल नाही. नवरा गेटवरच आहे. मी तळघरात. तिथे उजेड कमी आणि उंदीर जास्त.

चष्मा जेवणाच्या सुट्टीत खाली आला. डबा उघडून माझ्यासमोर बसला. आम्ही त्या सहीबद्दल बोललो नाही. मोजणीच्या पथकात नाव दिलंय म्हणाला. "पायी चालता येईल का तुला?" विचारलं. "नाही," म्हणाला, "पण शिकेन."

आज माझ्या नावानेही पत्र आलं. कार्यालयाच्या अहवालाशी विसंगत विधान जाहीर सभेत का केलं, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. शेवटी पेन्सिलीने साहेबांची बारीक टीप: "गैरसमजातून घडले असे लिहिल्यास प्रकरण मिटेल."

७ एप्रिल

खुलासा लिहिला. इथे उतरवून ठेवते.

"आपल्या पत्राच्या उत्तरादाखल कळवते की, गैरसमजातून काहीही घडलेलं नाही. विसंगत विधान मी अकरा वर्षांपूर्वी केलं होतं, आणि ते जमिनीशी विसंगत होतं. त्याचा खुलासा माझ्याकडे कुणी मागितला नाही. उलट बढती दिली. तो राहून गेलेला खुलासा मी एकवीस मार्चला दिला. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. या उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा मोजणार आहे, ऑफिसच्या वेळेत परवानगी असेल तर तेव्हा, नसेल तर रजा काढून. नऊच्या जागी दहा आल्या तर दहा सांगेन, आठ आल्या तर आठ. अहवालात छापायचं की नाही हे आपण ठरवावं. सांगायचं की नाही हे ठरलेलं आहे."

नवऱ्याने वाचलं. एक वेलांटी सुधारली. बाकी ठीक आहे म्हणाला.

आवक खिडकीवरच्या कारकुनाने कागद घेतला, सवयीने वरून खाली नजर फिरवली आणि थांबला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग काचेतून माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, हे खरंच द्यायचंय? अजून नोंद केलेली नाही. घरी नेऊन विचार करा."

"विचार करूनच आणलंय. शिक्का मारा."

त्याने मारला. इतक्या जोरात, की आतल्या टेबलांवरची चार माणसं माना वर करून बघायला लागली.